पाचवं स्टूल

१

समुद्र कधी न पाहिलेल्या चार माणसांनी समुद्राची चित्रं काढायला जायचं ठरवलं आणि त्याची तालीम महिनाभर आधी प्रवरेच्या घाटावर सुरू केली. ही गोष्ट संगमनेरभर कळायला अर्धा दिवस लागला आणि लोकांचं हसून व्हायला पंधरा दिवस.

बेत मार्तंड मास्तरांचा. हायस्कुलात चित्रकला शिकवून त्यांच्या मिशांनाही खडूचा रंग आला होता, पण हौस मात्र मॅट्रिकच्या पोराची. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. कागद अजून धड मिळत नव्हता, मोटारी अजून कोळशाच्या गॅसवर धापा टाकत होत्या. पण येत्या जानेवारीत संक्रांत बरोबर सोमवारी येत होती, आणि मास्तरांना तेवढं पुरलं. शनिवारी सकाळची शाळा उरकून दुपारची नाशिकची मोटार, नाशिक रोडहून आगगाडी, कल्याण-दादर करत पालघर आणि तिथून टांग्यानं केळवे. तिथं त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची वाडी होती. रविवार-सोमवार नुसतं समुद्रापुढं बसायचं आणि काढत राहायचं. मंगळवारी शाळा बुडली तर बुडली.

मंडळी चार. एक मास्तर. दुसऱ्या त्यांच्या पत्नी मुक्ताबाई, ज्यांच्या दारची रांगोळी पाहायला पलीकडच्या आळीतल्या बायका यायच्या. तिसरा छगन पेंटर, मूळचा कोल्हारचा. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या आणि झाडून सगळ्या बैलगाड्यांवरचे मोर त्याच्या हातचे. आणि चौथी नीलांबरी, मुलींच्या शाळेतली चित्रकलेची बाई, मास्तरांचीच विद्यार्थिनी. वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, आणि त्याची काळजी ती सोडून सगळ्या गावाला होती.

नीलांबरीला काळजी होती ती वेगळीच. सात वर्षं ती मुलींना 'समुद्रकाठचा देखावा' शिकवत होती. वर अर्धा सूर्य, खाली तीन लाटा, बाजूला वाकलेला माड. सगळं एका जुन्या कॅलेंडरवरून उचललेलं. दर वर्षी फळ्यावर तिसरी लाट काढताना तिला वाटायचं, आपण कोर्टात उभं राहून खोटी साक्ष देतोय. एकदा तरी खरा समुद्र डोळ्यांनी पाहावा, मग जन्मभर खुशाल काढावा, एवढंच तिचं मागणं होतं. ते मनात इतकं भरलं होतं की रात्री अंथरुणावर पडल्यावर कान आपोआप कसलासा आवाज शोधत. कसला, ते तिलाही माहीत नव्हतं.

दर रविवारी सकाळी आठाला घाटावर तालीम. मास्तर पायरीवर उभे राहून सांगत, "समुद्राची खोड एकच. त्याला पलीकडचा काठ नसतो. नजरेला टेकायला जागा नाही. तेव्हा आधी इथंच शिकून घ्या. प्रवरा काढा, पण पलीकडचा काठ काढू नका."

"तुम्हाला हो कुणी सांगितलं समुद्राचं? तुम्ही तर कल्याणच्या पुढं गेला नाहीत," मुक्ताबाई विचारत.

"ऐकीव ज्ञान हेही ज्ञानच," मास्तर म्हणत आणि स्वतःच आधी हरत. सगळेच हरत. हात सवयीनं पलीकडची ज्वारी, दोन बाभळी आणि पाण्याला आलेली म्हैस काढून मोकळा होई.

तालमीचा दुसरा भाग सोपा होता. वाटेल तिथं बसायचं आणि पाच मिनिटांत बाकीच्या मंडळींचं चित्र काढायचं. वाळूत भराभर रेघ मारता आली पाहिजे म्हणून. मग कागद ओळीनं मांडून वर दगड ठेवायचे आणि एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची.

"तीस वर्षं चित्रं काढताय," मुक्ताबाई दर खेपेला म्हणत, "पण आपल्या दोघांचं मिळून एक चित्र नाही."

"अगं, जो काढतो तो चित्रात नसतो. कायदाच आहे तो," मास्तर म्हणत.

२

चौथ्या रविवारी छगन सायकलच्या मागं खोक्यांच्या फळ्या आणि तरटासारखं जाड कापड लावून केलेली घडीची स्टुलं बांधून आला. वाळूत बसून धोतरं-लुगडी खराब नकोत, ही त्याचीच कल्पना. काम नामी होतं. मास्तर एकेक उघडून बसून पाहत होते. चार झाली, आणि पाचवं निघालं.

"छगन, आपण किती जण आहोत?"

"पाच की."

"मोज बघू."

छगननं बोटानं मोजलं आणि डोकं खाजवलं. "चारच हाय व्हय. आवं पर म्या मागल्या ऐतवारचं माझं चित्र घिऊन बसल्तो. त्यात मानसं मोजली, चार भरली. अन् काढनारा म्या पाचवा. जो काढतो त्यो चित्रात नसतो, हे तुमीच म्हनता न्हवं का?"

मास्तर इतके हसले की स्टूल कुरकुरलं. "पाटीवरची अक्षरं पण तू अशीच मोजतोस होय? म्हणूनच भांडारातला 'र' दर वेळी कोपऱ्यात चेंगरतो."

"पर चित्रात चारच हुती," छगन पुटपुटला. ते हशात कुणाला ऐकू गेलं नाही.

पाचवं स्टूल डब्याला द्यायचं ठरलं. नीलांबरीच्या डाव्या हाताला एक सपाट फरशी होती, तिथं ते मांडून त्यावर मुक्ताबाईंनी दशम्यांचा डबा ठेवला. मग नेहमीसारखं पाच मिनिटांचं चित्र झालं. ऊन छान पडलं होतं, पाणी काचेसारखं होतं, धुणं धुणाऱ्या बायका छगनला आपापली तोंडं काढायला सांगत होत्या. इतकी मजेची सकाळ वर्षात झाली नव्हती.

निघताना नीलांबरी स्टुलं मिटायला गेली तर डबा खाली फरशीवर होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. मुक्ताकाकूंनी खाली ठेवला असेल, असं म्हणून तिनं तो झटकला. पाचव्या स्टुलाचं कापड मधोमध खोलगट झालं होतं. बाकीच्या चारांचंही तसंच झालं होतं, म्हणून तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. घरी पोचल्यावर, पाय धुताना, तिच्या मनात आलं की डबा काही एवढा जड नव्हता.

३

नीलांबरीचे वडील विष्णुपंत, म्हणजे तिचे आप्पा, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. कारकुनी मात्र निवृत्त झाली नव्हती. घरात मांजर व्यायली तरी ते पिलांचा रंगवार तपशील लिहून ठेवत. बायको वारली तेव्हापासून त्यांनी मुलीला एकट्यानं वाढवलं होतं, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता तो असा यादीतूनच दिसायचा.

"बरोबर कोण कोण, नाव, वय, उतरणार कुठं, हे सगळं लेखी दे," ते म्हणाले. "खाली प्रत्येकाची सही. मग माझी हरकत नाही."

नीलांबरीनं आनंदानं चार ओळी लिहिल्या. आप्पांनी यादी वाचली, मान डोलावली, आणि सहज म्हणून तिची चित्रांची वही पुढं ओढली. चष्मा पुसून त्यांनी पान उलटलं.

"हे घाटावरचं?"

"हो."

"काढलं कुणी?"

"मी. दुसरं कोण काढणार?"

"म्हणजे तू यात नाहीस." आप्पांनी बोट ठेवलं. "या मुक्ताबाई. हे मार्तंडराव, मिशीवरनं कळतंय. हा तुमचा पेंटर. आणि हे कोण?"

नीलांबरीनं वाकून पाहिलं. कागदाच्या कडेला, बाकीच्यांपासून जरा सुटं, कुणीतरी बसलं होतं. खांद्यांची उतरती रेघ, डोक्यावरून घेतलेलं काहीतरी, वाकलेली मान. कोळसा तिचाच, घाई तिचीच, सावलीसुद्धा बरोबर बाजूला पडलेली. फक्त ते काढल्याचं तिला आठवत नव्हतं.

"धोंडा असेल," ती म्हणाली.

"धोंड्याला खांदे असतात?" आप्पांनी मागची पानं उलटली. चार रविवार, चार चित्रं, दर चित्रात चार माणसं. "नीलू, यादीत तुझ्यासकट चार नावं आहेत. वहीप्रमाणं पाच होतात. पाचवं नाव का गाळलंस?"

आवाज चढला नव्हता, आणि नीलांबरीला तेच जास्त लागलं. आप्पांच्या मनात काय आलंय ते तिला लख्ख कळलं. सव्वीस वर्षांची मुलगी, समुद्राची सहल आणि यादीत न घातलेला एक माणूस.

"आप्पा, देवाशपथ, आम्ही चौघंच असतो."

"मग वही खोटं बोलते." त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "पाचव्याची ओळख पटल्याशिवाय परवानगी नाही. रविवारी मी स्वतः घाटावर येतो."

४

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वही छातीशी धरून मास्तरांच्या घरी गेली. मुक्ताबाई संक्रांतीचे तीळ भाजत होत्या, घरभर खमंग वास सुटला होता. छगनला बोलावणं धाडलं. चौघांचे चार रविवारचे सोळा कागद माजघरात मांडले आणि मास्तरांनी काठीनं मोजायला सुरुवात केली.

सोळाही कागदांवर चार-चार माणसं होती.

एकेक जण कबुली दिल्यासारखा बोलू लागला. प्रत्येकानं चित्र झाल्यावर माणसं मोजली होती. चार भरली होती. आपण चौघं, चित्रात चार, म्हणजे बरोबर, असं म्हणून प्रत्येकानं कागद ठेवून दिला होता. आपण स्वतः चित्रात नसतो, ही साधी गोष्ट एकट्या छगनच्या ध्यानात आली होती, आणि त्याला सगळे हसले होते.

"चित्रकारासारखा वेंधळा प्राणी नाही," मास्तर हळू आवाजात म्हणाले. पण लगेच त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. त्यांनी जमिनीवर चार वाट्या मांडल्या, एकेक वाटी म्हणजे एकेक जण, आणि शेवटच्या रविवारच्या चारही चित्रांतून ते पाचवं माणूस कुठल्या दिशेला दिसतं ते सुतानं धरून पाहिलं. चार सुतं एकाच ठिकाणी येऊन मिळाली. नीलांबरीच्या वाटीच्या डावीकडं, वीतभर अंतरावर.

"तिथं फरशी आहे," नीलांबरी म्हणाली. "तिथंच आपण पाचवं स्टूल मांडलं. आणि निघताना त्यावरचा डबा खाली फरशीवर होता."

"उजेडाचा खेळ असेल. मागच्या वडाची सावली."

"मास्तर, सावली बसत न्हाई," छगन म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून कागद रविवारवार लावत होता. पाटी रंगवणाऱ्याची नजर, तिला बारीक फरक लगेच दिसतो. "ह्ये बघा. पैल्या ऐतवारी नुसती पाठ. दुसऱ्याला कान दिसतुया. तिसऱ्याला गाल. अन् आता मांडीवर फळी हाय. ह्ये मानूस बी चित्र काढतंय."

"आणि तोंड?" मुक्ताबाईंनी विचारलं.

तोंड कुणीच काढलं नव्हतं. चौघांनीही तिथं कागद कोरा सोडला होता. का, म्हणून विचारलं तर चौघांचं उत्तर एकच आलं, वेळ संपला.

खरं सांगायचं तर नीलांबरीला नुसती भीती वाटत नव्हती. जत्रेच्या आदल्या दिवशी वाटतं तसं वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

मुक्ताबाईंनी तिळाची कढई खाली उतरवली. "एवढं घाबरायला काय झालं? कुणीतरी हौसेनं येऊन बसतंय, एवढंच ना? चित्रं काढतंय, चोऱ्या तर करत नाही. आणि डबा खाली ठेवला तो सुद्धा न सांडता. घ्या, लाडू गरम आहेत तोवर खा."

त्या इतक्या सहज बोलल्या की मास्तरांना हसू फुटलं, मग छगनला, मग नीलांबरीलाही. तोंडात तीळगूळ आणि डोळ्यांत पाणी, अशी चौघं हसत राहिली. हसू थांबल्यावर कुणी सुतं उचलायला वाकलं नाही. ती तशीच राहिली.

५

रविवारी आप्पा आले. काळी टोपी, काखेत छत्री, चालण्यात कचेरीची ऐट. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि "तुमचं चालू द्या" म्हणून मागच्या कठड्याशी उभे राहिले.

मास्तरांनी आधीच ठरवून दिलं होतं. आज काढण्याआधी मोजायचं, मोठ्यांदा, आणि मग जेवढं दिसतं तेवढंच काढायचं. आप्पांना चित्रात घ्यायचं नाही.

"तीन," मास्तर म्हणाले.

"तीन," मुक्ताबाई.

"तीनच हायती."

नीलांबरीनं मुद्दाम डावीकडं पाहिलं. पाचवं स्टूल रिकामं होतं. "तीन," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पाच मिनिटं घाटावर फक्त कोळशाची खरखर होती. एकदा तिला वाटलं, खरखर जरा जास्तच दाट येतेय, डाव्या कानाला जवळून येतेय. पण कोळसा खरबरीत होता, कागद पाठकोरा होता, आणि मोजायचा तो आकडा मोजून झाला होता. तिनं मान वळवली नाही.

कागद मांडले. चारांवर तीन-तीन माणसं. छगननं अशी शीळ घातली की धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. मुक्ताबाई तेवढ्या जरा हिरमुसल्यासारख्या दिसल्या.

आप्पांनी नीलांबरीला बाजूला बोलावलं. त्यांचा चेहरा कधी नव्हे तो मोकळा झाला होता.

"वेडी आहेस. आधीच सांगायचं नाही का?"

"काय, आप्पा?"

"मला वाटलं, कुणी तरुण पोरगा असेल. तुम्ही लपवायला लागलात म्हणून. एवढ्या पोक्त बाई बरोबर आहेत म्हटल्यावर मी कशाला अडवलं असतं?"

आप्पा आपल्याच समाधानात बोलत होते. "तुझ्या शेजारी बसलेल्या. बोलत नाहीत का फारशा? मी नमस्कार केला, तर नुसती मान हलवली. चित्रात अगदी बुडून गेल्या होत्या. मी मागून पाहिलं की. हात चांगला आहे बाईंचा. तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगला, राग मानू नकोस. फक्त एक चुकलं. नदीला पलीकडचा काठच काढला नाही त्यांनी. नुसतं पाणी, थेट वरपर्यंत."

नीलांबरीनं वळून पाहिलं. पाचवं स्टूल रिकामंच होतं. पण त्याचं खोलगट कापड हळूहळू वर येत होतं, एखादं माणूस नुकतंच उठून गेल्यावर येतं तसं. मग ते ताठ झालं आणि थांबलं.

"गेल्या वाटतं," आप्पा म्हणाले. "बरं, यादीत त्यांचं नाव घाल आणि सह्या घेऊन ये."

६

यादी चार दिवस तिच्या पेटीत पडून होती. खरं सांगावं तर आप्पा तिला घराबाहेर सोडणार नाहीत, उलट वैद्य बोलावतील. आणि आपल्याला काय दिसलं या विचारानं त्यांची स्वतःची झोप उडेल ती वेगळीच. खोटं लिहावं तर समुद्र. सात वर्षं खोट्या समुद्राची साक्ष दिली, आता खऱ्या समुद्रासाठी आणखी एक खोटी ओळ. पण ती ओळ खोटी तरी होती का? आप्पांनी पाहिलं होतं. यादीत पाचवं माणूस न लिहिणं हेच खोटं ठरत होतं. तिनं किती वेळा हा हिशोब मांडला, पण तो दर वेळी समुद्रापाशीच येऊन थांबला.

शुक्रवारी छगनच्या दुकानात सामान बांधायला सगळे जमले तेव्हा तिनं सगळं सांगितलं. छगनचा ब्रश हवेतच राहिला. मास्तर म्हणाले, बेत रद्द करू. म्हणाले खरं, पण नजर बांधून ठेवलेल्या स्टुलांवर होती.

"रद्द कशाला?" मुक्ताबाई म्हणाल्या. "जिला पलीकडचा काठ न काढता पाणी काढता येतं, ती एकटीच आपल्यात तयार आहे. नाव लिही, नीला. राहीबाई लिही. माझ्या आजीचं नाव. तिलाही समुद्र पाहायचा होता, राहूनच गेलं."

नीलांबरीनं लिहिलं. पाच. राहीबाई. वय पोक्त. लिहिताना तिला वाटलं, आपण यादी पुरी करत नसून कुणालातरी घरी बोलावणं धाडतोय.

यादी सह्यांसाठी फिरली आणि तिच्याकडं परत आली. चार सह्या होत्या. पाचव्या नावापुढं, सही न येणाऱ्या माणसाचा उठवतात तसा, अंगठा होता. कोळशाचा, स्वच्छ, रेघ न् रेघ उमटलेला.

"कुणी उठवला हा?"

सगळेच नाही म्हणाले. छगनच्या अंगठ्यावर हिरवा तेलरंग होता. मास्तर नुकतेच हात धुऊन आले होते. मुक्ताबाईंनी आपला अंगठा पुढं केला. त्यावर विळीचा जुना आडवा व्रण होता. मग माझाच चुकून टेकला असेल, नीलांबरी म्हणाली, आणि उजेडात जाऊन आपला अंगठा कोळशानं माखून कोपऱ्यात उठवून पाहिला. तिच्या अंगठ्यात शंख होता. त्या अंगठ्यात चक्र होतं.

आप्पांनी संध्याकाळी चष्मा लावून यादी पाहिली. "निशाणी अंगठा. चालतं, कायदेशीर आहे," ते म्हणाले, आणि खाली तारखेनिशी सही केली.

७

शनिवारी मोटार स्टँडवर ही गर्दी. गावातले निम्मे लोक हसायला आले होते आणि हात हलवायला थांबले. छगननं टपावर स्टुलं बांधली, मुक्ताबाईंनी संक्रांतीची काळी चंद्रकळा आताच नेसून घेतली होती, आणि मास्तर कंडक्टरला समुद्राविषयी माहिती देत होते.

आप्पा गुळपोळ्यांचा डबा घेऊन आले. खिडकीशी उभं राहून त्यांनी बोटानं मोजलं. "पाच. बरोबर." मग नीलांबरीच्या डाव्या बाजूला पाहून त्यांनी अदबीनं हात जोडले. "बाई, मुलीकडं लक्ष असू द्या."

नीलांबरी समोर पाहत राहिली.

मोटार सुटली. माणसं दांड्याला धरून उभी होती, एक म्हातारा तर पोत्यावर टेकला होता. तरी तिच्या शेजारच्या जागेवर कुणी बसलं नाही, आणि कुणी बसू का म्हणून विचारलंही नाही. मास्तर मोठ्यांदा गात होते. छगन खिडकीतून दिसेल त्या पाटीची अक्षरं मोजत होता. मोटार सिन्नरला कोळसा भरायला थांबली तेव्हा तिला राहवेना. खास समुद्रासाठी म्हणून तिनं चांगला कागद जपून, स्वतः शिवून एक नवी वही केली होती. तिच्यावर अजून एकही रेघ उठली नव्हती. तिनं ती उघडली.

पहिल्या पानावर चित्र होतं.

पाणी होतं. खालून वरपर्यंत नुसतं पाणी, पलीकडं काही नाही. तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, तरी तिला कळलं की हे खरं आहे. तीन लाटा नव्हत्या, माड नव्हता. त्या पाण्यापुढं वाळूत चार स्टुलं होती. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून छगन पाण्यात उतरला होता. मास्तर काठी उगारून त्याला काहीतरी शिकवत होते. मुक्ताबाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, काळी चंद्रकळा वाऱ्यावर उडत होती. तीस वर्षांत पहिल्यांदा दोघं नवराबायको एका चित्रात आली होती.

आणि चौथी ती स्वतः. सगळे समुद्राकडं पाहत होते, ती एकटी मागं वळली होती. चित्र काढणाऱ्याकडं. केस सुटलेले, तोंडभर हसू. खूप दिवसांनी भेटलेल्या आपल्या माणसाचा चेहरा पाहून माणूस हसतं, तसं.

तिनं मोजलं. चार. जो काढतो तो चित्रात नसतो.

उद्या सकाळी तिला तो चेहरा दिसणार होता. मनात दाटली ती भीती होती की आनंद, ते तिला सांगता आलं नसतं. इतकंच खरं, की मोटारीतून उतरून परत जावं असं तिच्या मनात एकदाही आलं नाही.

मुक्ताबाईंनी मान वळवली. "काय गं, एकटीच हसतेस?"

"काही नाही, काकू. उद्या सांगते."

मोटार हिसका देऊन सुटली. नीलांबरीनं वही मिटली, पदर आवरून घेतला, आणि डाव्या बाजूच्या माणसाला नीट बसता यावं म्हणून जरा उजवीकडं सरकली.